हमरस्त्यावरचे रसायन आणि रस्त्याकाठचे गाव



आमचे सोनगीर हे हमरस्त्यावरचे गाव. धुळ्याहून उत्तरेस निघाले की वीसेक किलोमीटरवर डोंगरावरचा किल्ला दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी गाव, आणि गावाला लागून मुंबई-आग्रा महामार्ग. आमच्या तांबटांची तांब्यापितळेची भांडी या रस्त्याने बाहेर गेली आणि गावाचे नाव झाले. पण रस्त्याने जसे बाहेर जाते तसे बाहेरूनही येते. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा. कांद्याच्या, कापसाच्या, लोखंडाच्या मालमोटारी जातात आणि त्यांच्या रांगेत मधूनमधून गोल पोटाचे टँकर जातात. एखाद्यात पेट्रोल, एखाद्यात स्वयंपाकाचा गॅस, एखाद्यात आम्ल, आणि बाकीच्यांत काय असते ते आपल्याला ठाऊक नसते. धुळ्याला हा रस्ता सुरत-नागपूर रस्त्याला छेदतो. गुजरातेत वापी, अंकलेश्वर येथे रासायनिक कारखाने दाटीने आहेत. तेथला माल विदर्भाकडे न्यायचा तर खानदेशची वाट सोयीची पडते. शिवाय नरडाण्याची औद्योगिक वसाहतही आमच्यापासून फार लांब नाही.

मी राज्यशास्त्र शिकवणारा, एम. ए. झालेला माणूस आहे. रसायनांची सूत्रे मला विचारू नका. पण असे एखादे रसायन सांडले, पेटले किंवा हवेत पसरले, तर गावाने काय करायचे हे आधी कोणी ठरवून ठेवायचे असते, आणि त्या ठरवण्यात गावाचा वाटा किती, हा प्रश्न शासनव्यवहाराचा आहे. त्याविषयी आज बोलणार आहे.

31 ऑगस्ट 2019 हा दिवस आपल्या जिल्ह्यात अनेकांच्या लक्षात असेल. आदल्या दिवशी पोळा झाला होता, गणपती दोन दिवसांवर आले होते. त्या शनिवारी सकाळी शिरपूर तालुक्यात वाघाडी गावाजवळच्या एका रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला. किमान 12 माणसे प्राणास मुकली, पन्नासांहून अधिक जखमी झाली. स्फोटाचा आवाज कित्येक किलोमीटर ऐकू गेला. माझ्या वर्गात शिरपूरकडची मुले होती. गणपतीची सुट्टी संपल्यावर ती आली, तेव्हा त्यांतल्या एकाने मला विचारले, "सर, असा धूर दिसला की पळायचं की घरात बसायचं, हे कोणाला विचारायचं असतं?"

कोणाला विचारायचे, हा माझ्याच विषयातला प्रश्न होता. मी त्या रात्री कायद्याची पुस्तके काढून बसलो, आणि जे सापडले त्याने मला थोडा धक्का बसला. या प्रश्नाचे उत्तर कायद्यात फार पूर्वीपासून लिहून ठेवलेले होते.

त्याचे मूळ भोपाळमध्ये आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट नावाचा वायू सुटला. त्यात हजारो माणसे मेली, हे आपण जाणतो. मला दोन तपशील विशेष महत्त्वाचे वाटतात. लोक झोपेतून उठून पळाले, आणि त्यांतले पुष्कळसे वारा ज्या दिशेने वायू नेत होता त्याच दिशेने पळाले. धावताना श्वास जोराने घ्यावा लागतो, तेव्हा विष अधिकच छातीत गेले. या वायूवर पाण्याचा परिणाम होतो. तोंडावर ओला फडका घेतला असता तर पुष्कळांना निदान काही आधार मिळाला असता. पण ते त्यांना सांगितलेले नव्हते. दुसरा तपशील इस्पितळातला. गुदमरलेली माणसे दारात येऊन पडत होती आणि हा वायू कोणता, त्यावर उपचार कोणता, हे डॉक्टरांनाच नीट माहीत नव्हते. कारखाना गावाशेजारी वर्षानुवर्षे उभा होता. त्याच्या टाकीत काय आहे हे शेजाऱ्याला माहीत असण्याची सोय मात्र कोणी केली नव्हती.

त्यानंतर कायदे झाले. 1986 साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला. 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याची प्रक्रिया चालवणाऱ्याने त्या धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यावी असे बंधन घातले गेले. 1989 साली घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयी नियम निघाले. त्यांत कुंपणाच्या आतली आपत्कालीन योजना कारखानदाराने करायची आणि कुंपणाबाहेरची योजना जिल्ह्याने करायची, अशी वाटणी केली आहे. शेजाऱ्यांना अपघाताचे स्वरूप काय असेल, अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे आधीच कळवायचे, असेही त्यांत आहे. अपघात होण्यापूर्वी, बरं का, झाल्यावर नव्हे.

पण मला सर्वांत रस वाटला तो 1996 च्या नियमांत. रासायनिक अपघातांची पूर्वतयारी आणि त्यांना तोंड देणे, यासाठी देशापासून गावापर्यंत चार पायऱ्यांचे गट त्यांत सांगितले आहेत: केंद्राचा, राज्याचा, जिल्ह्याचा आणि स्थानिक. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. स्थानिक गट औद्योगिक पट्ट्यासाठी असतो आणि त्यात प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, पोलीस, अग्निशामक दलाचा अधिकारी, गटविकास अधिकारी यांच्याबरोबर आरोग्य केंद्राचा डॉक्टर, परिसरातले दोन नामांकित डॉक्टर, घातक माल नेणारे दोन वाहतूकदार, स्वयंसेवी संस्थेचा एक माणूस, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक आणि गावचे सरपंच किंवा तसे एखादे पुढारी असावेत असे म्हटले आहे. संपादकांना बोलावणे मला फार शहाणपणाचे वाटले. अफवा पसरायला वायूपेक्षा कमी वेळ लागतो. हा गट दर महिन्याला भरला पाहिजे आणि सहा महिन्यांतून एकदा तरी अपघात झाला आहे असे धरून पूर्ण सराव केला पाहिजे. सरावाचा अहवाल जिल्ह्याच्या गटाकडे जायला हवा.

म्हणजे पाहा, गावाची खुर्ची नियमात मांडलेली आहे. माझ्या पाहण्यात मात्र असा एकही सरपंच आलेला नाही की जो म्हणेल, मी त्या गटाचा सदस्य आहे, गेल्या महिन्यात बैठकीला जाऊन आलो. कुठे तसे सरपंच असतीलही, आणि असतील तर ते माझ्यापेक्षा अधिक जाणतात. पण आमच्या रस्त्याकाठच्या पाचसात गावांत मी हौसेने विचारत फिरलो, तेव्हा बहुतेकांनी मलाच उलट विचारले की असा गट असतो काय. एका सरपंचबाईंनी हसून म्हटले, "सर, बैठका आम्हाला नव्या नाहीत. निरोप आला तर आम्ही जाऊ. निरोपच येत नाही."

येथे आमच्यासारख्या गावांची आणखी एक अडचण आहे. स्थानिक गट औद्योगिक पट्ट्यासाठी. आमच्या हद्दीत मोठा रासायनिक कारखाना नाही, म्हणून आम्ही त्या हिशेबात बसत नाही. पण रसायन आमच्या दारावरून दिवसरात्र जाते. कारखान्याला निदान पत्ता असतो, कुंपण असते, निरीक्षकाच्या वहीत नोंद असते. टँकर आज येथे असतो, उद्या इंदूरच्या पुढे. 4 जुलै 2023 रोजी याच रस्त्यावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे एक कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि दहाहून अधिक माणसे ठार झाली. तेथे रसायनाचा संबंध नव्हता. पण बिजासनच्या घाटातून भरधाव उतरणाऱ्या गाड्यांत टँकरही असतात, एवढे लक्षात घ्या म्हणजे झाले.

परिमाणाचाही एक घोटाळा आहे. 1989 च्या नियमांत प्रत्येक घातक पदार्थाला वजनाची मर्यादा दिली आहे. क्लोरीन 10 टन साठवला की पहिली मर्यादा लागते, अमोनियाला 60 टन. आता गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या मोठ्या टाक्यांपाशी पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या टाक्या ठेवतात. त्यांतली मोठी असते सुमारे 900 किलोची. तशा दोन टाक्या असल्या तरी ती जागा मर्यादेच्या पुष्कळ खाली राहते. बर्फाचा कारखाना, दुधाचे शीतकरण केंद्र, येथे अमोनिया असतो, तोही बहुधा मर्यादेखाली. मर्यादा असू नये असे मी म्हणत नाही. सगळ्या देशाला एका फुटपट्टीने मोजायचे तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण 900 किलो क्लोरीन वस्तीत सुटला तर शेजारच्या आळीला रेघ दाखवून भागणार नाही. तेव्हा रेघेखाली काय आहे हे मोजण्याचे काम गावाचेच आहे. आणि ते अवघड मुळीच नाही, कारण गावात कोणाकडे काय आहे हे गावाला नेहमीच ठाऊक असते. आमच्या तांबट आळीत भांडी उजळायला तेजाब वापरतात, कल्हईला नवसागर लागतो. तेथले एक वयस्क कारागीर मला म्हणाले, "सर, तेजाबात पाणी ओतायचं नसतं, पाण्यात तेजाब सोडायचं असतं. हे पोराला आधी शिकवायचं, हातोडी नंतर." हे ज्ञान आळीत आहे. टँकरविषयीचे ज्ञान आळीत नाही, एवढाच फरक.

तर टँकरविषयी थोडे. मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या गाडीच्या अंगावर एक फलक लावावा लागतो. त्यावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी त्या मालाला दिलेला चार आकडी क्रमांक, धोक्याच्या वर्गाची चौकोनी खूण आणि माल पाठवणाऱ्याचा व मदतीचा दूरध्वनी क्रमांक असतो. चालकाजवळ त्या मालाविषयीच्या सूचनांचा छापील कागद असावा लागतो आणि अपघात झाल्यास त्याने जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवायचे असते. तो चार आकडी क्रमांक फार उपयोगाचा आहे. 1203 म्हणजे पेट्रोल, 1005 म्हणजे निर्जल अमोनिया, 1017 म्हणजे क्लोरीन, 1830 म्हणजे गंधकाम्ल. हे आकडे पाठ करायला नकोत. पण लांबून वाचता आले, उतरवून घेता आले आणि दूरध्वनीवर सांगता आले, तर धुळ्याहून निघणारे दल येथे पोहोचण्याआधी आपल्यासमोर काय आहे ते जाणून येईल. पुष्कळ फलकांवर आणखी एक छोटे सांकेतिक पद असते. त्यात शेवटी इंग्रजी ई हे अक्षर असले तर आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. आणि पहिला आकडा 4 असला तर पाणी मारू नका, कोरडा पदार्थ वापरा. आपल्याकडे आग दिसली की पाणी, ही सवय हाडात भिनलेली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता ती पहिली पंचवीस-तीस मिनिटे. धुळ्याचा बंब यायला तेवढा वेळ लागणारच. तो बंबाचा दोष नाही, अंतराचा आहे. त्या वेळात रस्त्यावर कोण असते? हॉटेलवाला, पंक्चर काढणारा, शेतातून परतणारा, एसटीची वाट पाहणारी मुले. आणि उलटलेल्या टँकरभोवती गर्दी जमते. खाद्यतेल सांडले तर डबे घेऊन लोक धावतात, हे आपण पाहिलेले आहे. 25 जून 2017 रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. लोक भांडी घेऊन पेट्रोल भरायला गेले आणि आग लागून दोनशेहून अधिक माणसे जळाली. ती माणसे आपल्यासारखीच होती. तेव्हा योजनेतले पहिले काम, आणि ते गावानेच करायचे, म्हणजे लोकांना लांब ठेवणे, दोन्ही बाजूंची वाहने थांबवणे, विडीकाडी विझवायला लावणे.

दुसरे काम वाऱ्याकडे पाहणे. कारखान्यावर कापडाची नळी फडकत असते ती यासाठीच. आपल्याकडे देवळावरचा झेंडा असतो, आणि नसला तर मूठभर माती वर उधळावी. खळ्यावर तिवईवर उभे राहून ज्याने धान्य उपणले आहे त्याला वारा शिकवावा लागत नाही. भूस ज्या बाजूला जाते त्या बाजूला तो कधी उभा राहत नाही. वायूच्या वेळीही तेच. वाऱ्याबरोबर पळू नये, वायूत शिरून उलटही जाऊ नये, वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघावे. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो. तो नाल्यात, विहिरीत, खालच्या गल्लीत साचतो. तेव्हा त्या वेळी उंचावर जावे. आणि वायूचा लोट आधीच घरापर्यंत आलेला असेल, तर बाहेर पळण्यापेक्षा दारेखिडक्या लावून, फटींत ओले फडके कोंबून आत बसणे पुष्कळदा बरे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे की कधी पळायचे, कधी बसायचे. कोणते, हे पदार्थ आणि वारा पाहून सांगणारा माणूस आधी नेमलेला असला पाहिजे.

आणि मग कळवणे. 1989 च्या नियमांप्रमाणे मोठ्या अपघाताची वर्दी कारखानदाराने 48 तासांत संबंधित अधिकाऱ्याला द्यायची असते. चौकशीच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण शेजाऱ्याला 48 तास नसतात. अमेरिकेत भोपाळनंतर, आणि 1985 साली वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी तशीच एक वायुगळती झाल्यानंतर, 1986 साली कायदा झाला. तेथेही स्थानिक समित्या आहेत. घातक वायू सुटला तर समितीला लगेच दूरध्वनी करायचा, लेखी अहवाल मागाहून. शिवाय साठ्याची यादी दर वर्षी 1 मार्चपर्यंत समितीला, राज्याला आणि गावच्या अग्निशामक दलालाही द्यायची. कागदावर हे आपल्यापेक्षा बरे दिसते. पण 17 एप्रिल 2013 रोजी टेक्सासमधील वेस्ट नावाच्या छोट्या गावात खताच्या गोदामाला आग लागून अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. पंधरा माणसे गेली, त्यांत बहुतेक आग विझवायला व मदतीला धावलेली. साठ्याची यादी दिली गेलेली होती. तो साठा आगीत फुटू शकतो, हे आगीजवळ उभ्या असलेल्यांना पुरेसे माहीत नव्हते. कपाटातला कागद आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यामधले हे अंतर तेथेही आहे, येथेही आहे.

आपल्याला कळवायला साधने आहेत. 112 वर पोलीस व आपत्कालीन मदत, 101 वर अग्निशामक दल, 108 वर रुग्णवाहिका, आणि राष्ट्रीय महामार्गासाठी 1033. पण दूरध्वनीवर नुसते "गॅस सुटला, लवकर या" म्हटल्याने काम होत नाही. किलोमीटरचा दगड कोणता, गाडी कोणत्या बाजूला, फलकावरचे चार आकडे, धूर किंवा वायू कोणत्या गावाकडे चालला आहे, किती माणसे पडली आहेत. आणि सांगणाऱ्याचे नाव, म्हणजे उलट विचारता येते. शाळेतल्या आठवीच्या मुलाला हे दहा मिनिटांत शिकवता येते. मी दोन वर्गांत शिकवून पाहिले. मुलांनी सुट्टीत रस्त्यावर जाऊन फलक उतरवून आणले. काही गाड्यांचे फलक चिखलाने झाकलेले होते, एकावरचा दूरध्वनी क्रमांक अर्धा पुसला होता. त्याचीही नोंद मुलांनी वहीत केली.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची योजना असणे आवश्यक केले आहे आणि ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांवरही कर्तव्ये टाकली आहेत. तेव्हा कारखाना हद्दीत नाही म्हणून आम्हाला विचारण्याचा अधिकार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. आम्ही गावातल्या काही जणांनी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. पुढच्या ग्रामसभेत तो वाचला जाईल. अर्जात थोडक्याच गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या कुंपणाबाहेरच्या योजनेत महामार्गावरील टँकरच्या अपघाताविषयी आणि सोनगीरविषयी काय लिहिले आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांकडून लेखी मागवावे. नरडाण्याच्या बाजूला स्थानिक गट असेल तर त्याच्या बैठकीला रस्त्याकाठच्या गावांचा एक माणूस बोलवावा. वारा पाहून निर्णय सांगणारे दोन जण गावाने नेमावेत, एक दिवसाचा, एक रात्रीचा, आणि त्यांची नावे दूरध्वनी क्रमांकासह पंचायतीच्या, शाळेच्या आणि रस्त्यावरच्या हॉटेलांच्या भिंतींवर रंगवावीत. देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यायची तर किल्ली कोणाकडे असते तेही लिहावे. सराव घ्यायचा तो पाहुण्यांसाठी मंडप घालून सकाळी अकराला नको, रात्री घ्यावा. आणि त्या वेळी वीज गेलेली आहे असे धरावे.